कच्चा फोटो, पक्का फोटो

स्टुडिओतून फोटोंचं पाकीट घरी आलं की त्यात दोन वस्तू असायच्या. एका कप्प्यात चकचकीत फोटो आणि दुसऱ्या कप्प्यात तपकिरी निगेटिव्हच्या पट्ट्या. फोटो हातोहात फिरायचे, अल्बममध्ये जायचे, एखादा मामाकडे, एखादा आत्याकडे. पट्ट्यांकडे मात्र कुणी बघत नसे. लहान मुलं त्या उजेडासमोर धरून उलट्या रंगाची माणसं बघायची आणि खिदळायची, मग ती पट्टी कुठंतरी ट्रंकेच्या तळाशी जायची. स्टुडिओवाला मात्र प्रत्येक गिऱ्हाइकाला बजावायचा, 'निगेटिव्ह जपून ठेवा बरं.' फोटो फाटला, पिवळा पडला, पावसात भिजला, तरी निगेटिव्ह असेल तर तो पुन्हा काढता येतो, हे त्याला धंद्यातून कळलेलं असायचं.

डिजिटल कॅमेरा आला आणि ती पट्टी कायमची गेली, असं आपल्यापैकी बहुतेकांना वाटतं. खरं म्हणजे ती गेलेली नाही, तिचं नाव बदललं आहे. आता तिला 'रॉ' म्हणतात. रॉ म्हणजे कच्चं. कॅमेऱ्याच्या आत पडलेल्या उजेडाची, कुठलाही साज न चढवलेली नोंद. तिची मोठी फजिती अशी, की जुन्या निगेटिव्हला निदान डोळ्यांनी बघता येत होतं. ही नवी निगेटिव्ह वाचायला प्रोग्राम लागतो, आणि प्रत्येक कंपनीची लिपी वेगळी.

मी राहतो कोराडीला. नागपूरच्या उत्तरेला, सावनेरच्या रस्त्यावर. तिथं औष्णिक वीज केंद्र आहे, तलाव आहे आणि महालक्ष्मी जगदंबेचं देऊळ आहे. वीज केंद्राचा पहिला संच १९७४ मध्ये सुरू झाला, आणि ६६० मेगावॅटचे तीन नवे संच २०१५ ते २०१७ या काळात आले. फोटो काढणाऱ्या माणसासाठी हे गाव म्हणजे परीक्षाच. मे महिन्यात दुपारी आभाळ पांढरंफटक असतं आणि कूलिंग टॉवरमधून निघणारी वाफही पांढरीच. पांढऱ्यावर पांढरं. कॅमेऱ्याने नेहमीच्या पद्धतीने फोटो काढला तर वाफ आभाळात विरघळून जाते, कागदावर नुसता कोरा भाग उरतो. आणि नवरात्रात रात्री देवीच्या आवारात जावं, तर एकीकडे तेवत्या ज्योतींचा पिवळा उजेड, दुसरीकडे ट्यूबलाइटचा हिरवट, वर खांबावरच्या दिव्यांचा नारिंगी. एकाच चेहऱ्यावर तीन रंग! असे फोटो गेली वीस वर्षं मी काढत आलो आहे, म्हणून या कच्च्या फाईलशी माझी चांगलीच ओळख झाली.

पण कच्चं ठेवायचं की पक्कं, हा प्रश्न डिजिटलबरोबर जन्मलेला नाही. तो छायाचित्रणाइतकाच जुना आहे. १८३९ च्या ऑगस्टमध्ये पॅरिसमध्ये दागेरची पद्धत जगजाहीर झाली. चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर चित्र उमटायचं. असं रेखीव, की केसन् केस मोजावा. पण चित्र एकच. त्याची दुसरी प्रत काढायची सोय नव्हती. तिकडे इंग्लंडमध्ये टॅलबटने १८४१ मध्ये स्वतःच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. त्यात कागदावर आधी उलटं चित्र मिळायचं, काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं. त्यावरून हवे तितके सुलटे फोटो काढता यायचे. टॅलबटच्या चित्रात कागदाचे धागे दिसत, दागेरच्या पत्र्याची ती सफाई त्यात नव्हती. तरीही पुढची दीडशे वर्षं राज्य केलं ते टॅलबटच्या कल्पनेने. कारण सरळ आहे. पत्रा म्हणजे झालेला निकाल, तर निगेटिव्ह म्हणजे पुन्हा चालवता येण्यासारखा खटला.

आपल्याकडे हे फार लवकर पोचलं. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली १८५४ मध्ये, म्हणजे मुंबई-ठाणे रेल्वे सुरू झाल्यानंतर दुसऱ्याच वर्षी. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे तिच्या सुरुवातीच्या सभासदांपैकी. त्याच सुमारास मुंबई सरकारने कॅप्टन बिग्ज नावाच्या तोफखान्यातल्या अधिकाऱ्याला विजापूर, बदामी, ऐहोळ या भागातल्या इमारतींचे फोटो काढायला नेमलं. साल १८५५. बैलगाडीतून कॅमेरा, रसायनांच्या बाटल्या आणि अंधाऱ्या खोलीचा तंबू घेऊन हा माणूस गोलघुमटासमोर उभा राहिला असेल, ते दृश्य मला नेहमी डोळ्यांसमोर येतं. त्याच्यानंतर डॉ. पिगू आले, मग नील आले. या तिघांच्या निगेटिव्हवरून धारवाड आणि म्हैसूरकडच्या वास्तूंचा मोठा ग्रंथ छापला गेला, तो १८६६ मध्ये. मधे अकरा वर्षं गेली, डॉ. पिगू तर तोवर वारलेही होते. तरी फोटो निघाले. कारण कच्चा माल पेटीत शाबूत होता.

याच्या उलट गोष्ट अजिंठ्याची. मेजर रॉबर्ट गिल यांचं नाव मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. त्यांनी लेण्यांतल्या चित्रांच्या मोठमोठ्या रंगीत नकला वर्षानुवर्षं बसून केल्या. त्या लंडनला गेल्या, क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या, आणि डिसेंबर १८६६ च्या आगीत बहुतेक सगळ्या जळाल्या. प्रत्येक चित्र एकुलतं एक. गेलं ते गेलंच. पण याच गिलसाहेबांनी पुढं कॅमेरा हातात घेतला होता, आणि त्यांचे अजिंठा-वेरूळचे फोटो १८६४ मध्येच पुस्तकांत छापून निघाले होते. ते आजही बघायला मिळतात. (गिल १८७९ मध्ये वारले, त्यांची कबर भुसावळला आहे. तिथून रेल्वे बदलणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल?) पुढं जे. जे. स्कूलच्या ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या नकला पुन्हा केल्या, तर त्यातल्याही शंभरावर १८८५ मध्ये लंडनच्याच आगीत गेल्या. आगीला अजिंठ्याचं काय वावडं होतं कोण जाणे.

निगेटिव्ह म्हणजे अमरपट्टा, असं मात्र समजू नये. जुनी सिनेमाची फिल्म नायट्रेटची असायची, ती काडीसारखी पेट घेते. पुण्याला जानेवारी २००३ मध्ये फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या कोठीला आग लागली आणि प्रभातच्या काळातला अमोल ठेवा त्यात जळाला. तेव्हा कच्चा माल आहे एवढ्यावर निभत नाही, तो एकाच कोठीत असता कामा नये.

आता डिजिटलकडे येऊ. १९७५ मध्ये कोडॅक कंपनीतल्या स्टीव्हन सॅसन नावाच्या तरुण इंजिनिअरने पहिला हातात धरता येणारा डिजिटल कॅमेरा जुळवला. तो चित्र साठवायचा साध्या कॅसेटवर, आणि एक चित्र नोंदवायला तेवीस सेकंद लागायचे. चित्र काळं-पांढरं, बारीकसं. पण त्याच कोडॅकमध्ये त्याच काळात ब्राइस बायर नावाचे एक शास्त्रज्ञ होते, आणि माझ्या मते खरी किमया त्यांची. कॅमेऱ्यातल्या चकतीवर उजेड मोजणारे लाखो बारीक ठिपके असतात. त्यांना रंग कळत नाही, फक्त उजेड किती हे कळतं. बायरनी काय केलं, तर प्रत्येक ठिपक्यावर एक रंगीत काच बसवली. चार ठिपक्यांत दोन हिरव्या, एक लाल आणि एक निळी. हिरव्या दोन, कारण आपल्या डोळ्याला बारकावे हिरव्यातच जास्त कळतात. या मांडणीचं पेटंट त्यांना १९७६ मध्ये मिळालं. आज तुमच्या खिशातल्या मोबाईलमध्येही हीच मांडणी किंवा तिचीच भावंडं आहेत.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. एका ठिपक्याला एकच रंग ठाऊक असतो. पण फोटोत तर प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा, निळा असे तिन्ही लागतात. मग उरलेले दोन कुठून येतात? शेजाऱ्यांकडे बघून, हिशोबाने, अंदाजाने. म्हणजे तुम्ही बघता त्या कुठल्याही डिजिटल फोटोत रंगांचे दोन तृतीयांश आकडे मोजलेले नसतात, भरलेले असतात! ते भरायचं काम कॅमेऱ्यातच क्षणात उरकलं की मिळतो तो जेपेग. म्हणजे शिजवून ताटात वाढलेली भाजी. आणि मोजलेले आकडे जसेच्या तसे ठेवले, शिजवायचं काम मागाहून घरी करायचं ठरवलं, तर ती रॉ. शिजलेल्या भाजीत मीठ जास्त झालं तर ते काढता येत नाही, हे सांगायला सुगरण लागत नाही.

कच्चं घ्यायचं की शिजलेलं, ही निवड छायाचित्रकारापुढे पहिल्यांदा ठळकपणे आली १९९१ मध्ये. कोडॅकने निकॉनच्या कॅमेऱ्यालाच मागून यंत्र जोडून एक डिजिटल कॅमेरा विकायला काढला. चित्रं साठवायची पेटी वेगळी, खांद्याला अडकवायची. त्या पेटीत दाबून न बसवलेली १५६ चित्रं मावायची, आणि दाबून बसवली तर ६०० पर्यंत. वार्ताहर काय निवडणार? ६००. पुढच्याच वर्षी जेपेग हे प्रमाण म्हणून पक्कं झालं आणि जगाने एकमुखाने शिजलेलं ताट पसंत केलं. मीही त्यांना दोष देत नाही. २००४-०५ मध्ये सहा मेगापिक्सेलचा कॅमेरा आणि २५६ मेगाबाइटचं कार्ड म्हणजे रॉचे फोटो जेमतेम चाळीसेक. त्यात लग्न काढायचं म्हटलं तर सीमांतपूजनातच कार्ड भरायचं.

मग कच्च्याचा फायदा तरी काय? जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतचा जिना २५६ पायऱ्यांचा. बारा बिटांच्या रॉमध्ये तोच जिना ४,०९६ पायऱ्यांचा, चौदा बिटांच्या रॉमध्ये १६,३८४ पायऱ्यांचा. आमच्या कूलिंग टॉवरची वाफ आणि आभाळ यांच्यात फरक असतो तो वरच्या काही पायऱ्यांत. जेपेगमध्ये तिथं पायऱ्याच उरत नाहीत, म्हणून सगळं पांढरं. रॉमध्ये त्या सापडतात आणि वाफेचे पदर सुटे होतात. तीच गोष्ट सावलीतली. आणि रंगाचं म्हणाल तर ट्यूबलाइटचा हिरवटपणा किंवा दिव्याचा पिवळेपणा किती काढायचा हे रॉमध्ये नंतर ठरवता येतं. कॅमेऱ्याने केलेला अंदाज तिथं नुसता चिठ्ठीवर लिहिलेला असतो, चित्रात मुरलेला नसतो.

आमच्या वसाहतीत २००५ मध्ये एक संध्याकाळचा कार्यक्रम झाला होता. मी जेपेग आणि रॉ असं दोन्ही ठेवून फोटो काढले होते. चौदा वर्षांनी, २०१९ मध्ये, शेजारच्या एक वहिनी घरी आल्या. यजमानांना जाऊन महिना झाला होता. 'भाऊ, यांचा एकट्याचा असा एखादा फोटो असेल का हो तुमच्याकडं? सगळे ग्रुपमधलेच आहेत.' होता. पण जेपेग उघडून बघतो तर डोक्यावरच्या हेल्मेटची सावली थेट हनुवटीपर्यंत उतरलेली, चेहरा जवळजवळ काळा आणि जो दिसतो तो हिरवट. उजेड वाढवला तर नुसते चौकोनी डाग. मग रॉ शोधली. ज्या कंपनीचा कॅमेरा होता तिच्या जुन्या प्रोग्रामची सीडी नव्या संगणकावर चालेना. फुकट मिळणाऱ्या एका प्रोग्रामने मात्र फाईल उघडली. सावली हळूहळू वर आणली, हिरवा काढला, आणि चेहरा आला. इतका, की भुवईवरची एक बारीक खूणही दिसायला लागली. मला वाटलं ती कामावरची असेल. वहिनी म्हणाल्या, 'नाही हो, ती लहानपणची. चिंचेवरून पडले होते.' तो फोटो आता त्यांच्या घरात भिंतीवर आहे.

तो फुकटचा प्रोग्राम कुठून आला, ही या सगळ्या इतिहासातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट आहे. पण त्याआधी भानगड काय होती ते सांगतो. प्रत्येक कंपनीने आपली रॉ वेगळ्या पद्धतीने लिहिली. कॅननची आधी सीआरडब्ल्यू, मग सीआर२, २०१८ पासून सीआर३. निकॉनची एनईएफ, पेंटॅक्सची पीईएफ, ऑलिंपसची ओआरएफ, फुजीची आरएएफ, सोनीची एआरडब्ल्यू, मिनोल्टाची एमआरडब्ल्यू. एवढंच नाही, तर त्याच नावाच्या फाईलची आतली मांडणीही कॅमेऱ्यागणिक बदलायची. आणि ती कशी आहे हे कंपन्या सहसा जाहीर करत नसत. आमचा प्रोग्राम घ्या, त्यात उघडा, हे त्यांचं उत्तर. कंपनी आहे तोवर ठीक. पण २००६ च्या जानेवारीत कोनिका मिनोल्टाने कॅमेऱ्याच्या धंद्यातूनच अंग काढून घेतलं. कोडॅकने १९९२ मध्ये मोठ्या थाटात फोटो सीडी आणली होती. तुमच्या निगेटिव्ह स्कॅन करून सीडीवर मिळायच्या, पिढ्यान्‌पिढ्या टिकतील असा बोलबाला होता. बारा-पंधरा वर्षांत ती पद्धत मोडीत निघाली, आणि २०१२ मध्ये खुद्द कोडॅकने दिवाळखोरीचा अर्ज केला.

'मोडीत निघाली' म्हणताना मला मोडी लिपीच आठवते. आपल्या कितीतरी घरांत पणजोबांच्या काळचे कागद आहेत. कागद शाबूत, शाई शाबूत, अक्षर तर बघत राहावं असं. फक्त वाचणारा नाही. पुण्याच्या पेशवे दप्तरात असे रुमालच्या रुमाल आहेत. फाईल खराब होणं वेगळं आणि फाईल वाचता न येणं वेगळं. दुसरा रोग जास्त वाईट, कारण तो दिसत नाही.

या रोगावर इलाज करायला बसला तो अमेरिकेतला एक प्रोग्रामर, डेव्ह कॉफिन. १९९७ मध्ये स्वतःच्या कॅमेऱ्याची कच्ची फाईल उलगडावी म्हणून त्याने एक छोटा प्रोग्राम लिहिला, डीसीरॉ नावाचा. मग दुसऱ्या कॅमेऱ्याची, मग तिसऱ्याची. कुणाचंही आतलं दप्तर त्याला मिळालेलं नव्हतं. फाईल घ्यायची, त्यातले आकडे बघायचे, कुठं काय असेल याचा तर्क करायचा. मोडीचा जाणकार अनोळखी हस्ताक्षर लावतो ना, तसं. शेकडो कॅमेरे त्याने असे वाचते केले, आणि प्रोग्राम सगळ्यांना फुकट दिला. शेवटची आवृत्ती २०१८ ची. आज जे अनेक प्रोग्राम जगभर वापरात आहेत, त्यांच्या पोटात त्याच्या या कामाचा अंश आहे.

२००५ मध्ये मोठा वाद उभा राहिला. निकॉनच्या डी२एक्स या नव्या कॅमेऱ्यात रंगाच्या समतोलाचा आकडा सांकेतिक करून ठेवलेला होता. उजेड हिरवट होता की पिवळा, हे सांगणारी ती चिठ्ठीच कुलपात. फोटोशॉपचे मूळ कर्ते थॉमस नॉल यांनी जाहीर तक्रार केली. निकॉनचं म्हणणं, आम्ही प्रोग्राम लिहिणाऱ्यांना आमची साधनं देतो, ती वापरा. दरम्यान कॉफिनने ते कुलूप उघडलंही. पण सामान्य छायाचित्रकारांच्या मनात प्रश्न राहिलाच. फोटो मी काढला, उजेड देवाचा, कार्ड माझ्या पैशाचं, मग माझ्याच फोटोतला आकडा मला वाचता येऊ नये हे कसं? त्याच वर्षी जगभरच्या काही छायाचित्रकारांनी 'ओपनरॉ' नावाची चळवळ सुरू केली. तिची मागणी एकच. फाईल हवी तशी लिहा, पण ती कशी लिहिली आहे ते जाहीर करा.

अॅडोबी कंपनीने आदल्या वर्षी, २७ सप्टेंबर २००४ ला, स्वतःचा तोडगा मांडला होता. त्याचं नाव डीएनजी, म्हणजे डिजिटल निगेटिव्ह. नाव किती नेमकं ठेवलंय बघा. कुठल्याही कंपनीची रॉ घ्यायची, त्यातले मोजलेले आकडे तसेच ठेवायचे, पण एका अशा डब्यात भरायचे ज्याची रचना छापून जाहीर केलेली आहे आणि कुणीही पैसे न देता वापरू शकतो. लायका, पेंटॅक्स यांच्यासारख्या काहींनी २००६ पासून कॅमेऱ्यातच ती सोय दिली. कॅनन-निकॉन-सोनी हे मोठे भाऊ मात्र आपापल्या वळणानेच गेले. पुढं मोबाईलमध्ये डीएनजी मागच्या दाराने शिरली. अँड्रॉइडने २०१४ मध्ये, आयफोनने २०१६ मध्ये ती आपलीशी केली. त्यामुळे आज गंमत अशी आहे, की मोठा कॅमेरा गळ्यात घालणाऱ्यापेक्षा कॉलेजातल्या पोराच्या फोनमधली कच्ची फाईल जास्त खुल्या लिपीत असते. त्याला ते ठाऊकही नसतं.

छायाचित्रकारांना हे भांडण नवं असलं तरी खगोलवाल्यांनी ते आधीच मिटवलं होतं. पुण्याहून नाशिकच्या रस्त्याला नारायणगावजवळ खोडद आहे. तिथं डॉ. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली रेडिओ दुर्बीण आहे, जीएमआरटी. ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या. या दुर्बिणीची कच्ची नोंद तिच्या स्वतःच्या घरगुती पद्धतीत होते, तिला एलटीए म्हणतात. पण अभ्यासकाला ती तशीच ठेवून चालत नाही. दोन छोट्या प्रोग्राममधून काढून ती फिट्स नावाच्या पद्धतीत बदलतात. फिट्स ही खगोलशास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकाअखेर आपसात ठरवलेली पद्धत. आंतरराष्ट्रीय संघटनेने १९८२ मध्ये तिला मान्यता दिली. तिचा एक नियम मला फार भावतो. एकदा जी फाईल फिट्स ठरली ती कायम फिट्स राहिली पाहिजे, पुढं नियमात कितीही भर पडो. म्हणजे १९८२ ची फाईल आजच्या प्रोग्रामने वाचलीच पाहिजे. आकाशातला एखादा स्फोट पुन्हा होणार नसतो, म्हणून त्यांना ही शिस्त सुचली असावी. आणि वरच्या नोंदीत फाईल कुणी, कधी, कुठल्या दिशेला बघून घेतली हे साध्या अक्षरांत लिहिलेलं असतं. कुठल्याही संगणकावर वाचता यावं असं.

आता फाईल बदलायचीच झाली तर कशी, हे मला लोक विचारतात. माझी पद्धत सांगतो. कॅमेऱ्यातून आलेली मूळ फाईल मी कधीच पुसत नाही. जागा आता स्वस्त आहे. कॅमेरा जुना असेल, त्याची कंपनी धंद्यातून गेलेली असेल, तर त्या फाईलची डीएनजीही करून ठेवतो. अॅडोबीचा हे करून देणारा प्रोग्राम फुकट मिळतो. त्यात दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. एक म्हणजे आकडे कमी करून फाईल लहान करण्याची सोय २०१२ पासून आली आहे, ती निवडायची नाही. दुसरी म्हणजे मूळ फाईल फेकायची घाई करायची नाही, कारण कंपनीने स्वतःसाठी लिहिलेल्या काही खासगी टिपा नव्या डब्यात अर्थासकट पोचतीलच असं नसतं, आणि कंपनीचा स्वतःचा प्रोग्राम पुष्कळदा डीएनजी उघडत नाही. डीएनजीत एक चांगली सोय २००८ मध्ये आली. आतल्या आकड्यांचा एक तपासणी-आकडा फाईलमध्येच लिहिलेला असतो, त्यावरून फाईल वाटेत बिघडली का ते कळतं.

आणि टिफचं काय? बरेच स्टुडिओवाले म्हणतात, आम्ही सगळ्या रॉ टिफ करून ठेवल्या, आता काळजी नाही. माझं मत वेगळं आहे. टिफ ही पद्धत १९८६ पासूनची, दणकट आणि सर्वांना वाचता येणारी. पण टिफ हा फोटो आहे, निगेटिव्ह नव्हे. तीत रंग भरून झालेले असतात, मीठ पडलेलं असतं. छापखान्याला द्यायला उत्तम, रॉची जागा ती घेऊ शकत नाही. आज हे जास्त महत्त्वाचं झालंय, कारण मघाशी म्हटलं ते दोन तृतीयांश रंग भरण्याची हातोटी दरवर्षी सुधारते आहे. अंधारातल्या फोटोतली खरखर कच्च्या फाईलमधूनच काढणारे प्रोग्राम आता घरगुती संगणकावर आले आहेत. वहिनींच्या घरचा तो फोटो आज नव्याने काढला तर २०१९ पेक्षाही स्वच्छ निघेल. टिफ करून मूळ फेकली असती तर २०१९ चाच राहिला असता, किंवा २००५ चाच.

कच्ची फाईल खरेखोटेपणाच्या भांडणातही उतरली आहे. वर्ल्ड प्रेस फोटो या स्पर्धेत २०१० मध्ये एका विजेत्याकडे मूळ रॉ मागितली, ताडून पाहिली, आणि फोटोतून पायाचा एक तुकडा पुसलेला निघाला. बक्षीस गेलं. २०१५ मध्ये त्याच स्पर्धेत शेवटून दुसऱ्या फेरीपर्यंत पोचलेल्या फोटोंपैकी साधारण पाचवा हिस्सा अशाच तपासणीत बाद झाला. आणि गंमत पाहा, त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात रॉयटर्स या वृत्तसंस्थेने आपल्या बाहेरच्या छायाचित्रकारांना उलटच सांगितलं. रॉवरून केलेले फोटो पाठवू नका, कॅमेऱ्याने स्वतः केलेला जेपेगच पाठवा. एकाला रॉ म्हणजे साक्षीदार वाटते, दुसऱ्याला रॉ म्हणजे हातचलाखीला मोकळं रान. मला विचाराल तर दोघांचंही बरोबर आहे. फाईल साक्ष देते, पण ती शिजवणारा हात साक्ष देत नाही. आपल्या कायद्यात डिजिटल पुराव्याचा विचार २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्यापासून आला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या ६३ व्या कलमात पुराव्याच्या फाईलबरोबर द्यायच्या प्रमाणपत्रात त्या फाईलचा तपासणी-आकडाही नोंदवावा लागतो. कायदा रॉच हवी असं म्हणत नाही. पण मूळ फाईलचा एक ठिपका जरी बदलला तरी आकडा बदलतो, एवढं त्या कलमाला कळलेलं आहे.

एक गोष्ट मात्र कुठलाच प्रोग्राम करून देत नाही. फोटोत कोण आहे, हे फाईलला ठाऊक नसतं. तारीख, वेळ, काच कुठली, उघडझाप किती सेकंदांची, हे सगळं कॅमेरा लिहून ठेवतो. माणसाचं नाव लिहीत नाही. जुन्या फोटोंच्या मागे आजोबा पेन्सिलीने लिहायचे, 'डावीकडून दुसरे अमुक'. मी सध्या संध्याकाळी बसून २००४ पासूनच्या फाईलींना ही नावं जोडतो आहे. वसाहतीतले जुने लोक येऊन बसतात, स्क्रीनकडे बोट दाखवतात. पहिल्या संचावर काम केलेले आता थोडेच उरलेत. परवा एका फोटोत तलावाच्या काठावर उभे असलेले नऊ जण निघाले. सात नावं मिळाली. उरलेल्या दोघांसाठी पुढच्या आठवड्यात खापरखेड्याहून एक निवृत्त फिटरकाका येणार आहेत, त्यांना आठवेल असं म्हणतात.